पोडियमवरच्या हॉलमध्ये नाटक होत नाही : गिरगावच्या पुनर्विकासाबद्दल खुलं पत्र

प्रति,
मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, म्हाडा;
विकास नियोजन विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका;
आणि गिरगाव, ठाकुरद्वार, ऑपेरा हाऊस, ग्रँट रोड भागातल्या नियोजित गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणी

महोदय, महोदया,

गिरगावातल्या पुनर्विकासाचा कोणताही नकाशा उलगडा. पार्किंगच्या मजल्यांच्या वर, पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या रुंद बैठ्या भागाच्या, कोपऱ्यात एक चौकोन सापडतो आणि त्यावर ‘बहुउद्देशीय सभागृह’ असं लिहिलेलं असतं. त्या चौकोनाच्या भरवशावर मंडळं संमतीपत्रांवर सह्या करतात, वाचनालयं खोल्या रिकाम्या करतात आणि चौकातला रंगमंच कायमचा मोडला जातो. इमारत उभी राहिली की त्या सभागृहाची उंची अकरा फूट भरते, मधोमध दोन खांब निघतात, जमिनीवर गुळगुळीत टाइल बसलेली असते आणि वरच्या मजल्यावर लोक राहायला आलेले असतात. तिथे वाढदिवस होतात. नाटक, गाण्याची बैठक किंवा दीडशे माणसांचं व्याख्यान होत नाही.

ही चूक बांधकामाच्या वेळी सुधारता येत नाही. ती इरादापत्रात, म्हणजे प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी देणाऱ्या पत्रात, आणि पहिल्या नकाशातच होते, म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहोत. लिहिणाऱ्यांत वास्तुरचनाकार, रंगमंच तंत्रज्ञ आणि भाडेकरू संस्थांची कागदपत्रं पाहणारे लोक आहेत. पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती, त्यातल्या मोठ्या भागाचं लाकूड आणि लोखंड संपलेलं आहे, आणि टेकू लावलेल्या गॅलरीत संस्कृती जपा असं कुणाला सांगणं बरं नव्हे.

आधी थोडा इतिहास, कारण कोणत्या जागेत काय उगवलं हे कळल्याशिवाय काय परत बांधायचं ते ठरत नाही. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये ग्रँट रोडचं नाट्यगृह उघडलं, तेव्हा तो भाग शहराच्या कडेला होता. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळींनी तिथे मराठी खेळ केले आणि त्याच वर्षी पारशी रंगभूमीही तिथेच सुरू झाली. पुढे त्या रस्त्यावर एकापाठोपाठ एक इतकी नाट्यगृहं झाली की ‘प्लेहाऊस’चं पिला हाऊस झालं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड काढला गेला. त्याच रस्त्यावरच्या कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा पहिला मूकपट लोकांनी पाहिला. जवळच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी देशातला पहिला बोलपट लागला. मॅजेस्टिकच्या जागी आज व्यापारी संकुल आहे, सेंट्रल सिनेमाच्या जागी सेंट्रल प्लाझा.

हे सगळं मोठ्या वास्तूंबद्दल झालं. त्या वास्तूंना माणसं पुरवणारी जागा मात्र वाड्यांमध्ये होती. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवातल्या मैफली, लक्ष्मीबागेतल्या बैठकी, ऑपेरा हाऊसजवळच्या मोदी चेंबर्समधलं बी. आर. देवधरांचं संगीत विद्यालय, खटाववाडीतला मौजेचा छापखाना, हे सगळं एकमेकांपासून चालत दहा मिनिटांच्या आत होतं. तबला मढवणारा, नाटकाचे कपडे पुरवणारा ड्रेपरीवाला, पडदे रंगवणारा, हँडबिल छापणारा आणि तालमीची खोली या पाच गोष्टी पायी अंतरावर असल्या की नाटक स्वस्तात उभं राहतं. गिरगावचं गणित एवढंच होतं.

ते टिकलं कसं, याचं उत्तर थोडं अडचणीचं आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे वाचनालयाची, तालमीची, छापखान्याची खोली महिना काही रुपयांत चालत राहिली. त्याच कारणाने मालकाकडे दुरुस्तीला पैसा उरला नाही आणि इमारती कुजल्या. ज्या गोठलेल्या भाड्याने संस्था जगवल्या त्यानेच त्यांची छपरं खाल्ली. नव्या इमारतीत बाजारभावाचं देखभाल शुल्क येणार. तेव्हा जुन्या भाड्यावर जगलेली संस्था फक्त जागा मिळाली म्हणून तगणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करून पुढची आखणी हवी.

आता कागदाकडे वळू.

विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या नियम ३३(७) (जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास) खाली किंवा ३३(९) च्या, अनेक इमारती एकत्र घेणाऱ्या समूह पुनर्विकासाखाली जागा मिळते ती पात्र भाडेकरूंच्या प्रमाणित यादीवरून. निवासी भाडेकरूला ३३(७) मध्ये किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि ३३(९) मध्ये किमान ३५ चौरस मीटर. अनिवासी वापराला मात्र जेवढी जागा होती तेवढीच. म्हणजे १८० चौरस फुटांच्या वाचनालयाला १८० चौरस फूट. हे निदान मिळतं तरी. चौक, ओटा, जिन्याखालची मंडळाची खोली, गणपतीचं सामान ठेवायचा पोटमाळा यांना कुणी भाडेकरू नाही, म्हणून यादीत त्यांचं अस्तित्वच नाही. वाडीचा सर्वांत जास्त वापरला जाणारा भाग कागदावर शून्य चौरस फूट असतो, आणि शून्याच्या बदल्यात शून्य मिळतं.

दुसरी नेहमीची अडचण अशी की खोली मंडळाची असते, पण भाडेपावती पूर्वीच्या कुणा चिटणिसाच्या नावावर. चिटणीस वारले की वारस यादीत येतात, मंडळ बाहेर. वारसांची नियत चांगली असली तरी विकासकाचा वकील पावती पाहतो. म्हणून यादी प्रमाणित होण्याच्या आधी, नंतर नव्हे, तीन कागद करून घ्यावेत: पावतीवरच्या व्यक्तीचं किंवा वारसांचं प्रतिज्ञापत्र की वापर संस्थेचा आहे, मालकाची त्याला लेखी मान्यता, आणि १३ जून १९९६ च्या आधीपासून ताबा असल्याचा पुरावा. ही तारीख महत्त्वाची, कारण तिच्यानंतर निर्माण झालेल्या भाडेकरारांवर जादा चटई क्षेत्र मिळत नाही आणि विकासक अशा नावांवर काट मारायला टपलेला असतो. पुरावा म्हणून जुनी वीजबिलं चालतात, धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र चालतं, ग्रंथालय संचालनालयाचं अनुदानाचं पत्र चालतं. वर्धापनदिनाची स्मरणिका पुरावा म्हणून चालत नाही. लोक तीच आधी काढून आणतात.

दुरुस्ती मंडळाला आमची पहिली मागणी इथेच आहे. पात्रता यादीसोबत एक जोडयादी करा: सामायिक वापराच्या जागांची. चौकाचं मोजमाप, रंगमंचाची जागा, मंडळाची खोली, व्यायामशाळा, वर्षातून किती दिवस काय होतं. तिला घरांसारखा चटई क्षेत्राचा हक्क लागू होत नाही हे आम्हाला कळतं. पण ना-हरकत प्रमाणपत्राला ती जोडलेली असेल तर नकाशा तपासणाऱ्या अभियंत्याला प्रश्न विचारायला आधार मिळतो. आज तो आधार नाही.

आता सभागृहाचं. इथे आम्ही सविस्तर लिहीत आहोत, कारण ‘सभागृह’ या एका शब्दाखाली सगळं खपतं.

गिरगावला हजार आसनांचं नाट्यगृह नको आहे. मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह केळेवाडीत १९६४ पासून आहे, आणि ऑपेरा हाऊस दीर्घकाळ बंद राहून २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं. कमतरता आहे ती अडीचशे-तीनशे आसनांच्या, स्पर्धेची एकांकिका, प्रायोगिक नाटक, गाण्याची बैठक आणि व्याख्यान पेलणाऱ्या जागेची. तिचा हिशोब तीनशे आसनांवर मांडू. दोन रांगांमधलं अंतर ९० सेंटिमीटर, खुर्ची ५२ सेंटिमीटर रुंद, बाजूच्या वाटा धरून माणशी साधारण ०.७ चौरस मीटर लागतं; म्हणजे २१० चौरस मीटर, समजा १४ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल. शेवटच्या रांगेतून नटाचा चेहरा वाचता यायचा तर रंगमंचापासूनचं अंतर वीस मीटरच्या पुढे जाऊ नये. इथे ते सहज जमतं.

अडतं ते उंचीवर. बोललेला शब्द माइकशिवाय शेवटपर्यंत पोहोचायचा आणि तरी खोली गुदमरल्यासारखी वाटू नये, यासाठी माणशी चार ते पाच घनमीटर हवा असावी लागते. साडेचार धरले तर तीनशे माणसांना १,३५० घनमीटर. भागिले २१० चौरस मीटर, म्हणजे सरासरी उंची ६.४ मीटर, एकवीस फूट. पोडियमच्या मजल्यावर ३.३ मीटर मिळतात. तिथे माणशी २.३ घनमीटर पडतात, मागच्या रांगा उंच करायला जागा उरत नाही, दिवे नटाच्या कपाळावर येतात, आणि पीओपीच्या सपाट छताखाली संवादाचा चिखल होतो. मग ध्वनिवर्धक लावतात. मग वरच्या घरातून तक्रार येते. म्हणून नाट्यगृहाला दोन मजल्यांची उंची हवी, आणि ती नकाशावर छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र, काढून दाखवलेली हवी. नुसत्या तळमजल्याच्या आराखड्यावर सही करू नका.

उंचीनंतर खांब. टॉवरच्या खालचे खांब गाड्यांच्या मापाने येतात. अडीच मीटर रुंदीच्या तीन गाड्या दोन खांबांत बसवायच्या म्हणजे अंतर साडेसात-आठ मीटर. प्रेक्षागृहाला १४ मीटर मोकळे लागतात. टॉवर वर ठेवून खालचे खांब काढायचे तर दोन मीटरहून खोल तुळया टाकाव्या लागतात, खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की पहिली कात्री सभागृहाला लागते. यावर साधा उपाय आहे: नाट्यगृह टॉवरच्या सावलीबाहेर, भूखंडाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला स्वतंत्र ठेवा आणि त्याच्या डोक्यावर बाग करा. रंगमंच, विंगा आणि प्रेक्षागृह मिळून साधारण १५ गुणिले २५ मीटर, म्हणजे ३७५ चौरस मीटर जमीन लागते. शहर भागात समूह पुनर्विकासाचा किमान भूखंड ४,००० चौरस मीटरचा असतो. त्याचा दहावा हिस्साही हे नाट्यगृह खात नाही. ३३(७) च्या एकट्या चाळीच्या भूखंडावर मात्र हे बसणार नाही, आणि तिथे ते मागूही नये. तिथे तालमीची खोली मागावी. तिच्याकडे पुढे येतो.

रंगमंचाची मापं आमच्या लोकांच्या तोंडी फुटांत असतात, तीच लिहितो. दर्शनी चौकट तीस फूट रुंद, सोळा फूट उंच. खोली अठ्ठावीस फूट. दोन्ही बाजूंना विंगांत किमान दहा-दहा फूट. विंगेत दहा फूट नसले की नेपथ्य बदलताना फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटी, बाहेर रस्त्यावर उभे करावे लागतात, आणि पावसाळ्यात त्याचं काय होतं ते सांगायला नको. मागच्या पडद्यापाठीमागून नटाला पलीकडे जायला तीन-चार फुटांची वाट. प्रेक्षागृहापासून रंगमंच तीन ते साडेतीन फूट वर. दिव्यांचे आणि पडद्यांचे बार पंचवीस फुटांवर, प्रत्येक बार अडीचशे किलो पेलणारा, आणि ते वजन स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या गणितात धरलेलं. नंतर छताला भोकं पाडून लटकवलेले बार आम्ही पाहिले आहेत; त्यांच्याखाली उभं राहायची इच्छा होत नाही.

जमीन लाकडी. हा मुद्दा क्षुल्लक वाटतो आणि सर्वांत जास्त वेळा चुकतो. फ्लॅट उभा करायचा तर त्याचा टेकू रंगमंचाला खिळ्याने किंवा स्क्रूने धरावा लागतो. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये खिळा जात नाही. मग पोत्यात वाळू भरून टेकू दाबतात, तो सरकतो. टाइलवर नाचणाऱ्याचे गुडघे जातात ते वेगळंच. लाकडी वाशांवर जाड प्लाय किंवा फळ्या, दर काही वर्षांनी बदलता येतील अशा.

आवाज आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा, दोन्हीचा विचार हवा. जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर दिवसभर हॉर्न असतो आणि त्याच रस्त्याखालून मेट्रो-३ चा बोगदा जातो. मेट्रोची थरथर भिंतीतून येत नाही, इमारतीच्या पायातून येते. तेव्हा रस्त्यालगत नाट्यगृह घ्यायचं तर आधी जागेवर कंपनं मोजून घ्या. रंगमंच आणि प्रेक्षागृहाची लादी रबरी पॅडवर वेगळी तरंगती ठेवायची की नाही, हे त्यावरून ठरेल. पाया भरल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. बाहेरच्या भिंती ९ इंची विटेच्या किंवा तेवढ्याच वजनदार. हलक्या ब्लॉकची चार इंची भिंत खर्च वाचवते आणि प्रयोग बुडवते. दारं दुहेरी, मधे अंधारी वाट. नाट्यगृहाच्या थेट वर घर नको. ढोलकीचा आणि तबल्याच्या बायाँचा आवाज स्लॅब अडवत नाही. मधे पार्किंगचा मजला किंवा बाग असली की प्रश्न बराच मिटतो.

याचा कायदेशीर फायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, पण आतल्या आत वापरणाऱ्या बंदिस्त सभागृहाला ती बंदी लागू नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बाहेर ती ओलांडली जात नसेल तर साडेनऊला उभी राहिलेली एकांकिका अकराला संपवता येते. चौकात ती दहाला तोडावी लागते.

वातानुकूलन हा शेवटचा खलनायक. छतात बसवायची कॅसेट यंत्रं दुकानासाठी ठीक आहेत. त्यांचा घरघराट चाळीस डेसिबलच्या आसपास असतो आणि रंगमंचावरची शांतता तो गिळून टाकतो. यंत्र वेगळ्या खोलीत, रुंद डक्ट, हळू हवा. दिव्यांची थ्री-फेज जोडणी वेगळी आणि ध्वनीची वेगळी, नाहीतर डिमर हलवला की स्पीकर गुणगुणतो. विजेचा मीटर संस्थेच्या नावावर, सोसायटीच्या सामायिक मीटरवरून नव्हे.

नाटकाचा टेम्पो दारापर्यंत यायला हवा आणि बारा फुटी फ्लॅट आडवा न करता आत जायला हवा. म्हणजे सामानाचं दार आठ फूट रुंद, तेरा फूट उंच, रस्त्याच्या पातळीवर किंवा चढावाने जोडलेलं. तिसऱ्या पोडियमवर नाट्यगृह ठेवलं की माणसांची लिफ्ट असते आणि सामानाची नसते. शिवाय तीनशे माणसांच्या सभागृहाला जिने दोन मीटर रुंद द्यावे लागतात. घरांचे जिने त्याहून अरुंद असतात, म्हणून विकासक मधल्या मार्गाने सभागृहाची क्षमता कागदावर १४९ दाखवतो आणि दीड मीटरचा जिना देतो. नकाशावर मोठा हॉल आणि क्षमता १४९ दिसली तर हेच झालंय असं समजा. तळमजल्यावर ठेवलं की हा सगळा गुंता सुटतो.

चौकाबद्दल कमी लिहितो, पण एक आकडा प्रत्येक कार्यकारिणीने लक्षात ठेवावा. भारतीय मानकानुसार हलक्या गाड्यांच्या पार्किंगचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २५० किलो भार धरून करतात. खुर्च्या न रोवलेल्या जागेत जमणाऱ्या माणसांसाठी ५०० किलो धरावे लागतात. म्हणजे ‘गणपती पोडियमवर बसवू’ असं आश्वासन देणाऱ्याने तो स्लॅब कशासाठी आखलाय हे दाखवलं पाहिजे. पार्किंगच्या हिशोबाने केलेल्या स्लॅबवर मांडव, मूर्ती आणि नाचणारी पाचशे माणसं चढवणं धोक्याचं आहे, आणि ते धोक्याचं असल्याचं कळल्यावर उत्सव गेटबाहेर रस्त्यावर जातो. चौक जमिनीवरच ठेवा. अग्निशमन गाडीसाठी इमारतीभोवती पंचेचाळीस टन पेलणारी मोकळी वाट आणि साडेचार-पाच मीटर उंच प्रवेश ठेवावा लागतोच. त्या वाटेला लागून, पण तिच्या बाहेर चौक आखला तर मूर्तीही त्याच दाराने येते आणि अग्निशमन दलाची हरकतही राहत नाही. मांडव वाटेत टाकला की दरवर्षी भांडण. चौकाच्या कडेला जमिनीत पाइप रोवण्याच्या खोबण्या, पाण्याचा निचरा आणि विजेचं एक बंदिस्त खोकं एवढं आधी केलं की दर श्रावणात फरशी फोडावी लागत नाही.

तालमीची खोली. ३३(७) च्या प्रत्येक प्रकल्पात हिची मागणी करता येईल, कारण ती छोटी आहे: सात गुणिले दहा मीटर, उंची चार मीटर, खांब नाही, लाकडी जमीन, रात्री अकरापर्यंत स्वतंत्र दार, एक स्वच्छतागृह. तळमजल्याची दुकानं विकासकाला सोन्याची असतात, म्हणून ही खोली दुकानांच्या मागे, चौकाकडे तोंड करून मागा. तबला आणि तंबोरे करणारे, छापखानेवाले यांच्या जागांबद्दलही एक सूचना. करारात त्यांना ‘दुकान’ म्हणून दाखवून पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर ढकललं जातं. छपाईचं यंत्र कित्येक टनांचं असतं आणि चामड्याला वास असतो. करारात वापर नावानिशी लिहा, तळमजला लिहा, यंत्राचं वजन लिहा. नाहीतर ताबा मिळाल्यावर नवी सोसायटीच हरकत घेते.

आता क्रम. प्रकल्पात आधी पुनर्वसनाची इमारत, मग विक्रीची, आणि सभागृह सर्वांत शेवटी, असं वेळापत्रक असतं. पैसा संपला, भागीदारांत फाटलं, बाजार पडला की शेवटची गोष्ट राहते. परळच्या दामोदर नाट्यगृहाचा प्रश्न २०२३ च्या अखेरीस विधिमंडळापर्यंत गेला, तोही नाट्यगृह बंद झाल्यावर. गिरगावात तसं व्हायचं नसेल तर अट साधी आहे. पुनर्वसनाच्या घरांसाठी जे बंधन घालता, की त्यांच्या प्रमाणातच विक्रीच्या भागाला पुढची बांधकाम परवानगी मिळेल, तेच नाट्यगृहाला आणि चौकाला लावा. नाट्यगृहाचा सांगाडा छतापर्यंत झाल्याशिवाय विक्रीच्या इमारतीला जोत्याच्या पुढे परवानगी नाही. नाट्यगृहाचं भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय विक्रीच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र नाही. बँक गॅरंटी घेऊन यातून सूट देऊ नका. गॅरंटीच्या रकमेत दहा वर्षांनी नाट्यगृह बांधून होत नाही.

बांधून झाल्यावर ते कुणाचं? सोसायटीच्या ताब्यात गेलं तर दोन वर्षांत तिथे लग्नं लागतात, कारण लग्नाचं भाडं नाटकाच्या कितीतरी पट असतं आणि सोसायटीचा खर्च भागवायचा असतो. दोष सोसायटीचा नाही, मालकीच्या रचनेचा आहे. महापालिकेने बांधीव सुविधा म्हणून ते ताब्यात घ्यावं, मालकी स्वतःकडे ठेवावी, आणि चालवायला परिसरातल्या नोंदणीकृत नाट्य, संगीत व वाचनालय संस्थांच्या मंडळाला ठरावीक मुदतीच्या करारावर द्यावं. करारात वर्षातले किती दिवस प्रयोगांसाठी राखीव आणि किती इतर समारंभांना मोकळे, हे आकड्यात असावं. समारंभांचं उत्पन्न लागणारच; ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शनिवार-रविवारची संध्याकाळ प्रयोगाची. मालमत्ता कर व्यापारी दराने लावू नका. दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र भरायचं, वातानुकूलनाची देखभाल, रंगमंचाच्या फळ्या, पडद्यांना अग्निरोधक द्रव्य मारणं, यासाठी विकासकाकडून एकरकमी निधी घेऊन तो सोसायटीच्या निधीपासून वेगळ्या खात्यात ठेवा.

नियोजित संस्थांना दोन शब्द. म्हाडा कायद्यातल्या ७९-अ कलमाप्रमाणे धोकादायक इमारतीच्या मालकाला प्रस्तावासाठी सहा महिने मिळतात, त्याने काही केलं नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेला, आणि मग म्हाडा. तुमचे सहा महिने विकासकांच्या सादरीकरणांत जातात. पहिल्या महिन्यातच आपली मागणीपत्रिका लिहा आणि सर्व विकासकांना तीच द्या, म्हणजे तुलना करता येईल. तिच्यात चौकाचं माप, तालमीच्या खोलीचं माप, छताची उंची, तळमजला हे शब्द हवेत. ‘सुसज्ज’, ‘अत्याधुनिक’ हे शब्द काढून टाका. न्यायालयात त्यांची उंची मोजता येत नाही. नोंदणीकृत करारनाम्याला छेदाचा नकाशा जोडपत्र म्हणून लावा. माहितीपुस्तिकेतल्या रंगीत चित्राला काही किंमत नाही. आणि कार्पेट क्षेत्र पंचवीस चौरस फुटांनी वाढवून देतो, सभागृह सोडा, असा प्रस्ताव आला तर तो सर्वसाधारण सभेत उघडपणे मांडा. कदाचित सभासद पंचवीस फूट निवडतील, तो त्यांचा हक्क आहे. पण तो निर्णय तीन पदाधिकाऱ्यांनी चहावर घ्यायचा नाही.

खोताच्या वाडीबद्दल एकच. तिथली उरलेली लाकडी व्हरांड्यांची घरं वारसा यादीत आहेत म्हणून सुरक्षित आहेत असं मानलं जातं, पण धोका शेजारून येतो. लगतच्या भूखंडावर खोल तळघर खणताना भूजल उपसलं की जुन्या घरांचे उथळ पाये बसतात. तळघराला परवानगी देताना कडेला पाणी अडवणारी भिंत, जुन्या घरांच्या भिंतींवर तडे मोजणारी उपकरणं, आणि खोदकाम सुरू होण्याआधी प्रत्येक घराची छायाचित्रांसह नोंद, या तीन अटी घाला. तडा जुना की नवा या वादात नेहमी घरमालकच हरतो, कारण आधीचा फोटो त्याच्याकडे नसतो.

बांधकामाच्या चार-सहा वर्षांत प्रेक्षकही पांगतो. त्या काळात परिसरातल्या महापालिका शाळांची सभागृहं संध्याकाळी सहा ते दहा नाममात्र भाड्याने संस्थांना द्यावीत, आणि ही सोय संक्रमण शिबिरासारखीच प्रकल्पाच्या अटींत लिहावी.

गिरगावातल्या ज्या समूह प्रकल्पांची इरादापत्रं अजून निघायची आहेत, त्यांत नाट्यगृहाची उंची, जागा आणि भोगवट्याचा क्रम ही अट कोणत्या क्रमांकावर टाकली, एवढं आम्हाला लेखी कळवावं. मापांचा तक्ता आणि छेदाचा नमुना नकाशा आम्ही विनामोबदला करून देऊ.

आपले,
गिरगाव-ग्रँट रोड परिसरात काम करणारे वास्तुरचनाकार, रंगमंच तंत्रज्ञ आणि भाडेकरू सल्लागार